नकाराची फाइल

सही मला आधी उलटी दिसली. आमच्या स्कॅनरमध्ये कागद डोक्याकडून आत घालावा लागतो, त्यामुळे गेले तीन आठवडे मी सगळं उलटंच वाचत होते. उलटे दवाखाने, उलट्या तारखा, उलटी वजनं. सवय झाली होती. उलटं अक्षर म्हणजे नुसती नक्षी, तिच्यात मन अडकत नाही, म्हणून हे काम मला बरंही वाटायला लागलं होतं. पण ही नक्षी ओळखीची होती. एक लांब आडवी रेघ आणि तिच्याजवळ दोन टिंबं, शेजारी शेजारी नाहीत, एकाखाली एक. मुलीच्या प्रगतिपुस्तकांवर, बँकेच्या फॉर्मवर, लग्नाच्या नोंदीच्या कागदावर माझ्या सहीच्या वर, अशी बत्तीस वर्षं मी ती पाहत आले होते. कागद अर्धा आत गेला होता. मी तो ओढला. यंत्रानं कर्र आवाज करून लाल दिवा लावला आणि पलीकडच्या टेबलावरून घड्याळजी म्हणाले, “मारलंत का शेवटी त्याला?” घड्याळजी म्हणजे आमच्याकडचे जुने लेखनिक. सुटायच्या वेळेला दहा मिनिटं असताना चष्म्याची डबी मिटतात, म्हणून हे नाव. “नाही हो,” मी म्हणाले, “कागद वाकडा गेला.” मग मी कागद सुलटा करून गुडघ्यावर ठेवला. सुलटी सही उलटीपेक्षा जास्त अनोळखी दिसत होती. काही क्षण मला खरोखरच वाटलं की ही दुसऱ्या कुणाची असेल, जगात दोन टिंबं देणारे आणखी कितीतरी असतील, आणि मग खाली तारीख वाचली.

जन्मतःच काही वेगळं घेऊन आलेल्या मुलांची आमच्याकडे नोंद होते. कुणाचं हृदय उजवीकडे असतं, कुणाचा कणा उघडा असतो, कुणाच्या रक्तात एखादी गोष्ट नसतेच, आणि कुणाला असं काही झालेलं असतं की त्याला अजून नाव सापडलेलं नाही. दवाखान्यातून फॉर्म येतो. त्यावरचं नाव वेगळ्या कपाटात जातं आणि उरतो तो क्रमांक माझ्या टेबलावर येतो. आजाराला आकडा लावणं हे माझं काम. वाचायचं, समजून घ्यायचं, हजारो आकड्यांमधून त्या मुलाचा एक शोधायचा. लोकांना हे कोरडं वाटतं. मला कधीच वाटलं नाही. योग्य आकडा सापडला की अंधारात कुणाचा तरी हात हाती लागल्यासारखं वाटतं. आता जुनी वर्षं संगणकात चढवायचं काम निघालं होतं, आणि सगळ्यात शेवटी उरली होती ती नकाराची फाइल. फॉर्मच्या तळाशी एक चौकट असते, ‘आमच्या मुलाची नोंद ठेवू नये’. घरच्यांनी तिथे खूण केली की नोंद होत नाही. मात्र किती जणांनी नाही म्हटलं एवढं मोजण्यापुरता कागद ठेवायचा, आणि त्या काळचा नियम असा की वरची नावाची पट्टी कात्रीनं कापून नष्ट करायची. कुणीतरी वर्षानुवर्षं मन लावून पट्ट्या कापल्या होत्या. कागद सगळे एका मापाचे, वरची कड सरळ, कुठे तसूभरही नाव राहिलेलं नाही. आणि खाली सह्या तशाच. सहीसुद्धा एक नावच असतं हे त्या कापणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं, तपासणाऱ्याच्या नाही, आणि खरं सांगायचं तर तीन आठवडे माझ्याही नाही.

मुलगा. वजन दोन किलो सातशे. अंग अत्यंत सैल, रडण्याचा आवाज नाही, श्वास आधाराने. स्नायूंचा जन्मजात आजार, प्रकार अज्ञात. कुटुंबात इतर कुणास, पुढे रिकामं. चौकटीत खूण. सही, वडील. एवढंच. एवढ्यात तो सगळा होता आणि यातलं त्याचं काहीच नव्हतं. तो अकरा दिवस होता. रडायचा नाही, पण तोंड रडण्याचं करायचा, आवाज बंद केलेल्या पडद्यासारखा, आणि त्याची बोटं इतकी लांब होती की नर्स म्हणाली होती, हा मोठा वाजवणारा होणार. ती बोटं माझं बोट धरायची नाहीत, मी ठेवीन तशी राहायची. मी एकेक मिटून माझ्या बोटाभोवती ठेवायचे आणि ती हळूहळू उलगडायची, जशी काही त्यांना दुसरीकडे जायची घाई असावी. बाराव्या दिवशी सकाळी मी खाटेवर होते, मला ताप होता, खिडकीच्या काचेवर कुणीतरी बाहेरून फडकं मारत होतं, आणि हे आत आले. हातात पाण्याचा पेला. मी विचारलं, “त्याची नोंद केली का?” कारण आदल्या दिवशी झोळी घेतलेला एक माणूस फॉर्म घेऊन वॉर्डात आला होता आणि त्यानं मला सांगितलं होतं, ताई, अशा मुलांची नोंद होते, पुढच्यांना उपयोग होतो. हे पेला माझ्या ओठांशी धरून म्हणाले, “केली.” मी पाणी प्यायले. ते पाणी कसं लागलं हे मला आजही सांगता येईल. पेल्याच्या धातूची चव होती त्याला.

त्या एका शब्दावर मी नंतरचं सगळं उभं केलं. दोन वर्षांनी मुलगी झाली, धडधाकट, पहिल्या रडण्यात सगळी इमारत जागी करणारी. तिला घरी आणलं त्या संध्याकाळी हे म्हणाले, “हे बघ, तिच्यासमोर तो विषय नको. पोरीचं बालपण स्वच्छ राहू दे.” मी म्हणाले, “बरं.” कारण मनात मी हिशोब मांडला होता की घरात नसला तरी तिथे आहे ना तो. कुठल्या तरी कपाटात, कुठल्या तरी क्रमांकानं, त्याची जागा आहे. माझे बाबा देवाचं गाऊन सांगायचे. आठवड्यातून एकदा, कामावरून येऊन हातपाय धुऊन, प्रार्थनेच्या त्या लांबट खोलीत उभे राहायचे, बोलता बोलता मध्येच थांबायचे, पहिल्या रांगेतल्या एखाद्याला प्रश्न टाकायचे आणि तो बिचारा चाचपडत असतानाच गायला लागायचे. त्यांची एक ओळ होती, ‘त्याच्या दारी हजेरी नाही हो, तो तोंड पाहून ओळखतो’. तीनदा म्हणायचे, दर वेळी एक पायरी वर, आणि तिसऱ्यांदा म्हणताना आवाज फुटायचा तो मुद्दाम की खराच हे मला कधी कळलं नाही. मी देव मानते, मनापासून मानते, पण मी हजेरीचं काम पत्करलं. मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा या नोंदणीत जागा निघाली आणि मी अर्ज केला. यांना सांगितलं तेव्हा हे जेवत होते. घास तसाच धरून राहिले आणि म्हणाले, “तिथेच कशाला?” मी म्हणाले, “असंच. घरापासून जवळ आहे.” दोघांनाही ठाऊक होतं की मी खोटं बोलतेय. आज कळलं, तिथे दोन खोटी होती आणि माझं धाकटं होतं.

आमचा नियम आहे, नात्यातल्या माणसाची नोंद स्वतः उघडायची नाही. एकोणीस वर्षांत मी ती उघडली नाही. हात शिवशिवले नाहीत असं नाही. पण वाटायचं, देवानं आपल्याला त्याच्या खोलीबाहेर बसायला जागा दिलीय, दार ढकलून बघायचा हावरेपणा नको. मला एक चांदणी पुरायची. वर्षाच्या शेवटी आमचं पुस्तक निघतं, त्यात कुठल्या साली कुठल्या आजाराची किती मुलं याचे तक्ते असतात, आणि संख्या पाचाच्या आत असली तर आकड्याऐवजी चांदणी छापतात, म्हणजे कुणी कुणाला ओळखू नये. त्याच्या सालाच्या ओळीत, त्याच्या आजाराच्या रकान्यात चांदणी होती. दर वर्षी ते पान तपासायला माझ्याकडे यायचं आणि मी तिच्यावर बोट ठेवायचे. आलास का, म्हणायचे. मनात. एकदा मोठ्यानं म्हटलं गेलं तेव्हा घड्याळजी म्हणाले, “कधीच आलोय, चहासुद्धा झाला.”

आणि पत्रं. पत्रांचं मला आता सांगायला हवं, कारण सही पाहिल्यावर घटकाभर मी फक्त चांदणीचा विचार करत होते, माझ्या दुःखाचा, माझ्या फसवणुकीचा, आणि मग पत्रं आठवली. दर सहा वर्षांनी तज्ज्ञ लोक जुन्या नोंदी पुन्हा चाळतात. पूर्वी न कळलेलं आता कळायला लागलेलं असतं. ज्याच्यापुढे ‘प्रकार अज्ञात’ लिहिलेलं असतं त्याला नाव मिळतं, आणि तो आजार घराण्यातून येणारा निघाला तर त्या घराला पत्र जातं, की तुमच्या इतर मुलांना, त्यांच्या मुलांना, हे तपासून घ्यावं. स्नायूंच्या त्या आजारांतले काही आईकडून येतात. मुलीला काहीच होत नाही, ती धडधाकट राहते, नुसती पुढे नेते, आणि मग तिच्या मुलग्यात ते उगवतं. हे मला माझं काम म्हणून माहीत होतं. पत्रं पाकिटात घालायचं कामही माझंच. एकोणीस वर्षांत तीन फेऱ्या झाल्या. दर वेळी पत्त्यांची यादी आली की मी श्वास रोखून आमचा पत्ता शोधायचे, आणि नसला की खुर्चीतच हात जोडायचे. देवा, तू राखलंस. पत्र आलं नाही म्हणजे घराण्याचं काही नाही, त्याचं त्याच्यापुरतं होतं, मुलगी सुटली. तीनदा मी त्याचे आभार मानले. नोंदच नव्हती तर पत्र कुठून येणार? मी रिकाम्या पाकिटाला प्रसाद समजत होते. आणि मुलीला आता चौथा महिना होता, आणि आज सकाळीच तिचा फोन आला होता. “आई, संध्याकाळी येतेय. दवाखान्यानं एक फॉर्म दिलाय, चौकोन आणि गोल काढायचेत घरातल्या सगळ्यांचे, कुणाला काय झालं होतं ते. तू त्यातलीच आहेस, तूच भर बाई. उद्या द्यायचाय.” मी म्हणाले होते, ये. काय लिहायचं हेही मनात ठरलेलं होतं, विशेष काही नाही.

मी कागद घेऊन थोरल्या बाईंकडे गेले. त्या डॉक्टर, नोंदणीच्या प्रमुख, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत, थोरल्या नुसत्या हुद्द्यानं. त्या खिडकीतल्या रोपट्याला बाटलीच्या झाकणानं पाणी घालत होत्या. “बाई,” मी म्हणाले, “एक साल उघडून बघाल? मला बघता येणार नाही. घरचं आहे.” त्यांनी झाकण खाली ठेवलं. “तुमच्या घरचं?” मी साल सांगितलं, आजाराचा गट सांगितला. त्यांनी काही विचारलं नाही याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. त्या बटणं दाबत होत्या आणि मी रोपट्याच्या कुंडीकडे बघत होते. एक मुंगी कडेकडेनं फिरून पुन्हा तिथेच येत होती. “एकच नोंद आहे,” त्या म्हणाल्या. एक. माझ्या छातीत काहीतरी सैल झालं, इतकं सगळं कळूनही झालं, वेडं मन, वाटलं की कुणीतरी नंतर केली असेल, त्या झोळीवाल्यानं केली असेल. “मुलगा?” मी विचारलं. “मुलगी. फेब्रुवारीतली. दुसऱ्या गावची.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “हयात आहे. चाकाच्या खुर्चीवर असते. नोकरी करते.” माझ्या तोंडून “अरे वा” निघालं. हयात असलं की आम्ही अरे वा म्हणतो, ती आमच्याकडची रीतच आहे. मग मी खुर्चीत बसले. एकोणीस वर्षं मी दुसऱ्याच कुणाच्या लेकीला आलास का म्हणत होते. देव तिचं भलं करो, तिचा काय दोष, तिला तर माझे फुकटचे लाड मिळाले. थोरल्या बाईंनी कागद हातात घेतला, सही बघितली, माझ्याकडे बघितलं. “आता तरी नोंद होईल का?” मी विचारलं. “दवाखान्याचा कागद लागेल, ताई. त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वीचं सगळं नष्ट केलंय, तुम्हालाच माहितीय.” मला माहीत होतं. ते कळवणारं पत्र मीच फाइलला लावलं होतं. “आणि आईच्या सांगण्यावरून?” “तसा रकाना नाही ना आपल्याकडे,” त्या इतक्या हळू म्हणाल्या की जणू तो रकाना त्यांनीच चोरला होता. दारापर्यंत आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “मुलीला आधी सांगा. बाकी सगळं नंतर.”

चालत घरी आले. रस्ता नेहमीचाच होता. चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात रेडिओ, शाळेच्या भिंतीवर वाळत घातलेली झेंड्यांची कापडं, कोपऱ्यावर रस्ता खणून ठेवलेला आणि त्यावर फळी टाकलेली. फळीवरून जाताना मला वाटलं, ही गेले कित्येक आठवडे अशीच आहे आणि रोज माझ्या वजनानं दबते, आणि मी कधी खाली बघितलं नाही. मला राग यायला हवा होता. तो येत होता, पण भलत्याच दारांनी. आमच्या लग्नात माझ्या माहेरचा कोट यांना लहान झाला असं सासूबाई म्हणाल्या होत्या त्याचा राग आला. हे रोज सकाळी माझा डबा स्वतः भरतात, झाकणाची कड पुसून देतात, त्या पुसण्याचा राग आला. एकोणीस वर्षं रोज सकाळी कड पुसायची, दार उघडून धरायचं, जपून जा म्हणायचं आणि जाणारीला माहीत नाही की ती जिथे चाललीय तिथे कुणी नाही. माणूस खोटं एकदा बोलतो असं आपल्याला वाटतं. ते रोज भरावं लागतं, ताजं, डब्यासारखं.

हे स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, आता निवृत्त. पण अजून सोललेल्या दाण्यांतून किडका दाणा चिमटीनं बाजूला काढताना चेहरा तोच असतो, चुकीचं अक्षर सापडल्याचा. “लवकर आलीस?” मी पर्समधून झेरॉक्स काढली. मूळ कागद न्यायला परवानगी नाही, झेरॉक्स थोरल्या बाईंनी स्वतः करून दिली होती. ती मी मटाराच्या सालांवर ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, चष्मा खाली केला. वरची कापलेली कड बोटानं चाचपली. “हे ठेवतात का?” म्हणाले. पहिला प्रश्न हा. मी म्हणाले, “मोजायला ठेवतात.” ते पुन्हा शेंग उचलून सोलायला लागले. मग मीच म्हणाले, “अहो, का?”

“तो झोळीवाला म्हणाला, बहुतेक वेळा आईच्या बाजूनं येतं, म्हणून आईच्या माहेरचं सगळं विचारावं लागेल.” ते मटाराशी बोलत होते. “तू तापात. तुला ते येऊन विचारणार, तुमच्याकडे कोण कोण असं गेलं? आणि मग तुझ्या नावावर ते कायमचं लिहून ठेवणार. मी म्हटलं, नको. काहीच नको. खोडून टाकलं.”

“खोडलंत ते खोडलंत. मी विचारलं तेव्हा ‘केली’ असं का म्हणालात?”

“तुझा ताप एकशे तीन होता गं.”

“ताप उतरला की नाही कधी? अठ्ठावीस वर्षांत?”

“सांगणार होतो. तू तिथे नोकरी धरलीस तेव्हा सांगणार होतो. पण तू किती उमेदीनं जायला लागलीस. परत आलीस की चेहरा कसा... भेटून आल्यासारखा असायचा. कुठल्या तोंडानं सांगू?”

हे खरं होतं. हेच सगळ्यात वाईट होतं. त्यांनी ज्यात मला लोटलं होतं त्यात मी सुखी दिसत होते, आणि त्या सुखाकडे बघून ते गप्प बसले होते, आणि या सगळ्याला लोक प्रेमच म्हणतील, मीही कदाचित म्हणेन, दहा वर्षांनी. मी पत्रांचं सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी खोलात विचारलंच नव्हतं, ते का हेही आता कळत होतं. तीन फेऱ्या, पाकिटं, जोडलेले हात. सांगत गेले तसा त्यांच्या हातातला दाणा चिरडला गेला आणि बोटं हिरवी झाली. “म्हणजे आपली पोर...” ते म्हणाले. “असेलच असं नाही,” मी म्हणाले. माझा कार्यालयातला आवाज आला होता. “पण नसेल असं म्हणायला आपल्याकडे काही नाही.” ते उठले, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. आणि मग माझ्याकडे पाठ करून म्हणाले, “तिला आज नको सांगूस. चौथा महिना आहे, घाबरेल. मुलगी असेल तर प्रश्नच मिटला. पाच महिन्यांत कळेलच ना.” आवाज तोच होता, पाण्याच्या पेल्याचा.

तेवढ्यात जिन्यात तिच्या चपला वाजल्या. ती जिना चढत नाही, त्याला ठोकते. “आई! दार! दोघांना भूक लागलीय!” आत येऊन तिनं पिशवी टाकली, एक मूठ दाणे तोंडात टाकले, बाबांच्या टकलावर टिचकी मारली. “काय हो मुद्रितशोधक, किती चुका सापडल्या?” यांनी झेरॉक्स सालांखाली सारली. मी ते बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं. ती टेबलावर फॉर्म पसरत होती. “हं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. माझ्या सासरचं भरून झालं, तिकडे सगळे घोड्यासारखे आहेत. आता आपलं. मी एकुलती एक, त्यामुळे तुला काम कमी.”

मी पेन उघडलं. दोन गोल आणि दोन चौकोन काढले, माझे आईबाबा, यांचे आईवडील. मग आम्ही दोघं. मग आमच्यातून खाली रेघ ओढली, आडवी ओढली, आणि उजव्या टोकाला तिचा गोल काढला. डावं टोक मोकळं राहिलं होतं. आडवी रेघ एका मुलासाठी कुणी ओढत नाही, पण हे तिला माहीत नव्हतं. हे पाणी पीत उभे होते. मला आमच्या पत्राची पहिली ओळ आठवली. ती मी शेकडो वेळा घडी घालून पाकिटात घातलीय, आणि तीच तोंडातून निघाली. “तुमच्या कुटुंबाविषयी एक माहिती...”

“आई, नीट बोल ना. काय झालं?”

मी डाव्या टोकाला चौकोन काढला. तिरकी रेघ मारली. हे म्हणाले, “अगं...” एवढंच, पुढे गेले नाहीत. खाली लिहिलं, अकरा दिवस. स्नायू. आणि फॉर्मवर ‘येणाऱ्या बाळाशी नातं’ असं जिथे होतं तिथे हात थांबला. आमच्या नोंदणीत तो ‘मुलगा’ झाला असता, आणि तिथेच संपला असता, अकरा दिवसांचा, कायम. इथे मला वेगळं लिहावं लागत होतं. मी लिहिलं, मामा.

ती वाचत होती. तिचे ओठ हलले, लहानपणी धडा वाचताना हलायचे तसे. मग तिनं आधी बाबांकडे बघितलं, नंतर माझ्याकडे. मला वाटलं होतं ती पोटावर हात ठेवेल. तिनं ठेवला नाही. मी सांगितलं. सगळं नाही, जे पोटातल्यासाठी लागतं तेवढं, की उद्या हे दाखव, एक तपासणी आहे, ती आधी तुझी करतील, बहुतेक काही नसेल, पण विचार. सालांखालची झेरॉक्स काढून तीही तिच्यापुढे ठेवली, सहीसकट. ती बोलली ती बाबांशी नाही, माझ्याशी. “तू जगाला पत्रं पाठवतेस ना आई? चिकटवून, तिकीट लावून. मला एक नाही पाठवलंस.”

माझ्याजवळ उत्तर होतं. मला वाटलं होतं की नोंद आहे, पत्र आलं असतं, मलाही फसवलंय. सगळं खरं होतं आणि सगळं त्या पट्टी कापण्यासारखं होतं, माझं नाव तेवढं अलगद काढून टाकणारं. बत्तीस वर्षांच्या संसारात ‘बरं’ म्हणून मीही एका चौकटीत खूण केली होती. मी म्हणाले, “हो. नाही पाठवलं.”

फॉर्मच्या तळाशी ओळ होती, माहिती देणाऱ्याची सही. यांचा हात पुढे आला. सवयीनं आला, घरातला प्रत्येक कागद शेवटी तेच करतात. मी पेन दिलं नाही. सही केली, माझी, पूर्ण नावाची, शाळेत शिकवतात तशी, जिच्यात कुणालाही प्रत्येक अक्षर वाचता येईल. ते हात मागे घेऊन उभे राहिले, हिरवी बोटं मिटून. मला त्यांची दया आली नाही, आणि आली नाही याचं दुःखही झालं नाही. उद्या होईल ते होवो.

मुलीनं फॉर्म स्वतःकडे ओढला. रागानं ओढला, तरी कोपरा दुमडू नये म्हणून तळवा ठेवला. त्या तिरक्या रेघेच्या चौकोनावर तिचं बोट होतं, लांब, अगदी त्याच्यासारखं. “दिसायला कसा होता?” तिनं विचारलं.

आमच्या कुठल्याच फॉर्ममध्ये हा रकाना नाही. अठ्ठावीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “हात पुढे कर. दाखवते.”